हातभर दोरा, तीस फटी

पौषात लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही शेतात हुरड्याची आगटी पेटली की चित्र सारखंच असतं. गूळभेंडीची कणसं भाजतात, तळहातावर चोळून गरम दाणे पुढे येतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. पोट भरलं की गप्पा मंदावतात आणि जिभा कामाला लागतात, कारण दाढेत तूस अडकलेलं असतं. कुणी नखाने कोरतं, कुणी काडेपेटीतली काडी काढतं, कुणी बाभळीचा काटा शोधतं. तूस निघालं की हायसं वाटतं आणि दात साफ झाले असं आपण धरून चालतो.

नवल इथून पुढे सुरू होतं. त्या तुसापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करणारी गोष्ट त्याच फटीत बसलेली असते. ती टोचत नाही, दिसत नाही आणि काडीने पुरती निघतही नाही.

ती पहिल्यांदा पाहिली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड-व्यापाऱ्याने. आंतोनी वान लेवेनहुक त्याचं नाव. हा माणूस आपल्या आज्या-पणज्यांसारखा रोज मिठाने दात घासायचा, दाढा कोरायचा, वर फडक्याने पुसायचा. तरीही दातांच्या मध्ये पांढरट लगदा उरतो, हे त्याच्या लक्षात आलं. १६८३ साली त्याने तो लगदा पावसाच्या पाण्यात कालवून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला. त्यात इवलेसे जीव पळत होते, गिरक्या घेत होते. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने ते पत्राने कळवलं. माणसाने जिवाणू पाहिल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक, आणि ती निघाली दोन दातांच्या फटीतून!

आज आपण त्या लगद्याला प्लाक म्हणतो. दात घासून चूळ भरली की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर चढतो. त्यावर पहिले जिवाणू बसतात, त्यांना धरून दुसरे येतात आणि सगळे मिळून स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. नुसती चूळ भरून ते सुटत नाही. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की त्यातले काही जिवाणू आम्ल तयार करतात. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. पण आम्लता वाढून सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की तेही विरघळू लागतं. लाळ ही झीज भरून काढत असते, पण दाट थराखाली, अरुंद फटीत तिचं फारसं चालत नाही. थर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम त्यात मुरतं आणि त्याचं किटण होतं. ते मग डॉक्टरांनाच काढावं लागतं.

दाढेला पाच बाजू असतात: चावायची, गालाकडची, जिभेकडची आणि दोन शेजारच्या दातांकडच्या. ब्रश पहिल्या तिन्हींवर चालतो, शेवटच्या दोन राहतात. कोळपं दोन ओळींमधून झरझर जातं, पण ताटाला खेटून उगवलेलं तण खुरप्यानेच काढावं लागतं. ब्रश आणि दोरा यांचं नातं नेमकं तेच. तोंडात बत्तीस दात असतील तर वर पंधरा आणि खाली पंधरा अशा तीस फटी होतात.

लेव्ही स्पिअर पार्मली या अमेरिकन दंतवैद्याने १८१९ मध्ये पुस्तक लिहून मेण लावलेला रेशमी दोरा दातांमधून फिरवायला सांगितलं. नंतर रेशमाच्या जागी नायलॉन आलं. आज औषधांच्या दुकानात 'फ्लॉस' म्हणून डबी मिळते ती याच दोऱ्याची. शिवणाचा दोरा मात्र वापरू नका. तो तुटून फटीत अडकतो आणि हिरडी कापतो.

आता कृती. एक हात दोरा तोडा, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दंतवैद्य सांगतात ते पंचेचाळीस सेंटिमीटर जवळजवळ एवढेच भरतात. दोन्ही टोकं मधल्या बोटांना गुंडाळा. एका बोटावर बराचसा, दुसऱ्यावर थोडा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरा. दोन दात टेकतात ती जागा घट्ट असते. तिथे दोरा खाली दाबू नका, मागे-पुढे हलवत अलगद उतरवा. दाबला की तो खट्कन हिरडीवर आदळतो, आणि 'दोऱ्याने हिरडी दुखते' ही तक्रार इथूनच येते.

खरं काम यापुढचं आहे. दोरा खाली पोचला की तो एका दाताला कवेत घेईल असा वाकवा. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोल खाच असते. अडेल तिथपर्यंत दोरा हळूच त्या खाचेत सरकवा आणि दाताला घासत चार-पाच वेळा वर-खाली करा. मग मधल्या हिरडीच्या टोकावरून उचलून शेजारच्या दाताला वळसा घाला. प्रत्येक फटीत दोऱ्याचा कोरा भाग घ्या आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू विसरू नका. हिरड्या खाली सरकून फटी मोठ्या झाल्या असतील तर दोऱ्यापेक्षा फटीत घालायचा छोटा ब्रश जास्त उपयोगी पडतो.

एवढ्या बारकाव्याने सांगायला कारण आहे. लहान मुलांवर झालेल्या जुन्या प्रयोगांचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेच्या दिवसांत रोज जाणकाराच्या हातून, दीडेक वर्षाहून अधिक काळ दोरा फिरला, तिथे दात किडण्याचा धोका ४० टक्क्यांनी कमी झाला. ज्यांनी स्वतःच दोरा फिरवला त्यांच्यात किडीवर फरक दिसला नाही. दोरा तोच, पण हात वेगळा. म्हणून एकदा तरी कुणाकडून तरी शिकून घ्या. लातूर आणि नांदेड दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. तपासणीला गेलात की आरसा हातात घ्या आणि 'माझ्याच तोंडात करून दाखवा' असं सांगा.

पहिले काही दिवस रक्त दिसेल आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. तिथे थांबू नये, हे १९६५ मध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेल्या प्रयोगावरून कळतं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात स्वच्छ करणं बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्यात त्या बऱ्या झाल्या. सुजलेल्या हिरडीतून येणारं रक्त बहुतेक वेळा साठलेल्या थराची खूण असते, दोऱ्याच्या अपराधाची नव्हे. दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबलं नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर दाखवायला उशीर करू नका, कारण हिरड्यांचा आजार आणि रक्तातली साखर एकमेकांना वाढवतात.

आज रात्री झोपण्याआधी तीसही फटी जमल्या नाहीत तरी चालेल. समोरच्या दोन पटाशीच्या दातांमधली एक नीट करा, उद्या तिच्या शेजारची घ्या. हात बसला की सगळ्या फटींना मिळून चार-पाच मिनिटं पुरतात.