पाचट रानात, ऊन बंबात



ऊसनोंदीला आम्ही भल्या पहाटे वाड्या-वस्त्यांवर जातो. थंडीत घरधनी रात्रपाळीच्या विजेवर ऊस भिजवून येतो आणि त्याच्या आंघोळीसाठी घरची बाई चार वाजल्यापासून बंबाच्या धुरात डोळे चोळत बसलेली असते. बंबात काय, तर पाचट! भडकन पेटतं, घटकेत राख. तेच पाचट खोडव्यात सरीत कुजवलं, तर हेक्टरी ८-१० टनांतून ४०-५० किलो नत्र रानाला परत मिळतं. युरियासाठी रांग लावायची आणि घरचं खत जाळून आंघोळ करायची, हा कुठला हिशेब?

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला सुमारे ३ युनिट वीज लागते. उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच कोमट, निम्म्यात भागतं. खरी गरज हिवाळ्यात, आणि आपल्याकडे तेव्हाच ऊन लख्ख! म्हणून सौरबंब बसवा. तोंड दक्षिणेला, वर नारळाची सावली नको. कालचं तापलेलं पाणी पहाटे नळाला हजर.

पावसाळ्यात मात्र तो रुसतो. आमच्या घरी पहिल्या पावसाळ्यात कॉइल रात्रंदिवस चालू राहिली. बिल बघून मंडळींनी आम्हाला चांगलंच सुनावलं. कॉइलनेच पाणी तापलं, तर उन्हाला काम काय उरतं? पहाटे तासभर लावा, बंद करा. नाहीतर जुना बंब आहेच, पण त्यात तुराट्या घाला.

बोअरचं पाणी खारं असेल, तर क्षार धरून नळ्या चोंदतात. तेव्हा खरेदीआधी मातीच्या नमुन्याबरोबर पाण्याचीही बाटली गट ऑफिसात आणून द्या.