पिशवी काढण्यापूर्वी : गर्भाशयातील गाठींवर शस्त्रक्रियेविना उपचार

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, खाटांचा विनियोग आणि देणग्यांची पोच यांबरोबरच आरोग्यविषयक एखादा लेख देण्याची प्रथा आहे. यंदा स्त्रीरोग विभागातील सहकाऱ्यांनी गर्भाशयातील गाठींचा, म्हणजेच फायब्रॉईडचा विषय सुचविला. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकातील आमचा अधिकार डॉक्टरांशेजारी बसून ऐकण्यापुरताच. परंतु या आजारातील निर्णय जितका वैद्यकीय असतो तितकाच तो घरचा आणि पैशाचाही असतो, आणि त्या बाजूने तो आमच्या टेबलापर्यंत नित्य येत असतो.

सीताबर्डीत मोरभवनच्या बसस्थानकावर उतरून वर्धा, भंडारा, गडचिरोलीकडील, क्वचित छिंदवाडा-बालाघाटकडीलही भगिनी आमच्याकडे येतात. हातात सोनोग्राफीचा अहवाल असतो, त्यावर गाठीचे सेंटिमीटर लिहिलेले असतात, आणि सोबतच्या नातेवाइकांचा निर्णय बहुधा झालेला असतो : ‘पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट गेली.’ चौकशीच्या खिडकीवर पहिला प्रश्न ‘खर्च किती येईल?’ हा असतो. ‘काढणे आवश्यक आहे काय?’ हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. तो विचारला जावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

फायब्रॉईड ही गर्भाशयाच्या स्नायूंपासून बनलेली गाठ असते. ती कर्करोगाची गाठ नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कारण ‘गाठ’ हा शब्द कानी पडताच घरात जी भीती शिरते, तिच्या पोटी अर्ध्याअधिक शस्त्रक्रिया ठरतात. अशा गाठीत कर्करोग आढळणे अत्यंत विरळ असते. उलट, गाठी असणे ही फारच सामान्य बाब आहे. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पन्नाशीपर्यंत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रियांमध्ये त्या सोनोग्राफीत दिसू शकतात. त्यांपैकी अनेकींना आयुष्यभर कोणताही त्रास होत नाही. या गाठी शरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या स्त्रीसंप्रेरकांवर पोसल्या जातात, म्हणून रजोनिवृत्तीनंतर त्या सामान्यतः आपोआप आक्रसतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या बाबतीत या एका वस्तुस्थितीला फार मोल आहे.

गाठ किती मोठी यापेक्षा ती कोठे आहे हे अधिक महत्त्वाचे. गर्भाशयाच्या आतील अस्तराखाली असलेली बोराएवढी गाठही पाळीत इतका रक्तस्राव घडविते की रुग्णा पांढरीफटक पडते. याउलट बाहेरील आवरणाखाली वाढलेली संत्र्याएवढी गाठ पाळीला धक्काही लावत नाही. फार तर मूत्राशयावर दाब येऊन वारंवार लघवीला जावे लागते. स्नायूंच्या भिंतीत असलेल्या गाठींचा त्रास या दोहोंच्या मधला. म्हणून ‘सहा सेंटिमीटरची आहे, काढावीच लागेल’ हे विधान अपुरे आहे. अंगावरून किती जाते, हिमोग्लोबिन किती आहे, वय काय, अपत्याची इच्छा आहे काय, या चार गोष्टी समजल्याखेरीज सेंटिमीटरला अर्थ नाही.

आपल्या राज्यात या प्रश्नाची दुसरी बाजू २०१९ मध्ये सर्वांसमोर आली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण विलक्षण मोठे असल्याच्या बातम्यांनंतर शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दुखण्याने कामावर खाडा पडला तर मजुरी जाते आणि वर दंड बसतो, हे त्यामागील एक कारण होते. कर्करोगाची भीती घालणे हे दुसरे. अशाच तक्रारी बिहार, छत्तीसगड व राजस्थानातूनही होत्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला आणि अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश दिला.

चाळिशीच्या आत गर्भाशय, आणि त्यासोबत अंडाशयही, काढले गेले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे, अंगाची लाही होणे या गोष्टी त्या स्त्रीला पुढे पंधरा-वीस वर्षे सोसाव्या लागतात. अंडाशय राखले तरी ते काही वर्षे आधी थकतात, असे दिसून आले आहे. शस्त्रक्रियेच्या देयकात या पुढच्या खर्चाचा रकाना नसतो.

आता उपचारांकडे वळू. ज्या गाठीचा त्रास नाही तिला उपचार नको. ठरावीक अंतराने सोनोग्राफी पुरे. त्रास असल्यास पहिले काम रक्त भरून काढण्याचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या; अशा शरीरातून दरमहा अतिरिक्त रक्त जात असेल तर ती स्त्री जिना चढतानाही धापा टाकते. लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून दिले जाणारे लोह यांनी काही आठवड्यांत फरक पडतो. विदर्भात मात्र सिकलसेलची तपासणी करून घेतल्याखेरीज लोह सुरू करू नये, असा आमच्या डॉक्टरांचा आग्रह असतो, आणि तो रास्त आहे.

रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी फक्त पाळीच्या दिवसांत घ्यावयाची असते. हे औषध १९६२ मध्ये जपानमधील उताको व शोसुके ओकामोटो या संशोधक दांपत्याने जगापुढे आणले. ते स्वस्त आहे; पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर मात्र वर्ज्य. दुसरा उपाय गर्भाशयात बसवावयाच्या हार्मोनयुक्त साधनाचा. आमच्या परिचारिका त्याला ‘औषधाची तांबी’ म्हणतात. वास्तविक त्यात तांबे नसते, त्यातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सूक्ष्म प्रमाणात पाझरते आणि अस्तर पातळ राहते. कित्येक वर्षे त्याचा उपयोग होतो. गाठीमुळे गर्भाशयाची पोकळी वाकडी झाली असल्यास ते टिकत नाही. तसेच पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग दिसत राहतात. हे आधी न सांगितल्यास रुग्णा घाबरून ते काढून घेते आणि उपचार व्यर्थ जातो.

गाठ आक्रसविणारी इंजेक्शनेही आहेत. ती कृत्रिम रजोनिवृत्ती आणतात, त्यामुळे गाठ लहान होते. पण हाडे विरळ होत असल्याने ती दीर्घकाळ देता येत नाहीत आणि थांबविताच गाठ पूर्ववत वाढू लागते. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त भरून काढण्यासाठी, किंवा रजोनिवृत्ती उंबरठ्यावर असताना मधला काळ पार पाडण्यासाठी त्यांचा उपयोग. युलिप्रिस्टल या गोळीविषयी एके काळी मोठी आशा होती. यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे समोर आल्यावर युरोपात २०२० नंतर तिच्यावर कडक निर्बंध आले. गाठ ‘विरघळविणाऱ्या’ चूर्णांच्या जाहिराती बसस्थानकाच्या भिंतींवर दिसतात. त्यांविषयी एवढेच म्हणतो की, त्या घेत असताना हिमोग्लोबिन खाली जात नाही ना, हे तरी पाहावे.

ज्या उपचाराविषयी देणगीदार आणि विश्वस्त आम्हांस सर्वाधिक विचारतात तो गर्भाशयाच्या धमन्या बंद करण्याचा, म्हणजे एम्बोलायझेशनचा. त्याचा शोध काहीसा योगायोगाने लागला. पॅरिसमधील डॉ. जाक राविना हे शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून आधी या धमन्यांत सूक्ष्म कण सोडून रक्तप्रवाह रोखीत असत. पुढे अनेक रुग्णांचा त्रास इतका कमी झाला की त्यांनी शस्त्रक्रियाच नको म्हटले. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे अनुभव प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या नियोजित परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राइस यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये हाच उपचार घेतल्याची वार्ता जगभर गेली.

यात भूल देऊन पोट उघडावे लागत नाही. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी सरकवून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, ती गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांपर्यंत नेतात आणि तेथे बारीक वाळूसारखे कण सोडतात. गाठीचे रक्त तुटते, ती हळूहळू सुकते. निरोगी स्नायूला इतर रक्तवाहिन्यांतून पुरवठा मिळत असल्याने गर्भाशय जगते. रुग्णालयातील मुक्काम बहुधा एक-दोन रात्रींचा. पहिल्या दिवशी वेदना तीव्र असतात, काहींना पुढे आठवडाभर ताप व थकवा राहतो. लाभ दिसण्यास काही महिने लागतात.

हा उपचार कायमचा आहे काय? नेदरलँड्समध्ये १७७ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत दहा वर्षांनंतर एम्बोलायझेशन घेतलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांचे गर्भाशय शाबूत होते. उरलेल्यांना ते पुढे काढावे लागले. ब्रिटनमधील २५४ स्त्रियांच्या चाचणीत (निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध) केवळ गाठ काढून गर्भाशय राखण्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांअखेर जीवनमानाच्या दृष्टीने काहीशी सरस ठरली, जरी दोन्ही गटांतील स्त्रियांना आराम पडला होता. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीला एम्बोलायझेशन सहसा सुचविले जात नाही. पंचेचाळिशीनंतर त्याने पाळी कायमची थांबण्याची शक्यताही असते. ध्वनिलहरी एकवटून गाठ तापविण्याचे तंत्रही आहे. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ते मोजक्याच केंद्रांत उपलब्ध असून प्रत्येक गाठीला लागू पडत नाही.

आणि काही वेळा शस्त्रक्रियाच योग्य असते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला, किंवा त्या वयात गाठ वाढू लागली, तर गोळ्यांवर दिवस काढू नयेत. अस्तराची तपासणी तात्काळ करावी. औषधे देऊनही रक्त टिकत नसेल, मूत्रमार्गावर दाब येऊन मूत्रपिंड फुगत असेल, तर शस्त्रक्रिया टाळणे हाच अपाय ठरतो.

एम्बोलायझेशनची यंत्रणा आपण खरेदी करावी काय, अशी विचारणा विश्वस्त मंडळात झाली होती. आमचे मत प्रतिकूल आहे. यंत्राचे हप्ते सुरू झाले की यंत्र रुग्ण शोधू लागते. रिकामे यंत्र हा हिशेबनीसाला सर्वांत असह्य वाटणारा देखावा. ज्या रुग्णेला तो उपचार योग्य आहे तिला कागदपत्रे व चिठ्ठीसह सुसज्ज केंद्राकडे पाठविणे अधिक प्रामाणिकपणाचे. त्याऐवजी आम्ही दोन गोष्टींसाठी देणगी मागतो : शिरेतून द्यावयाचे लोह आणि बाह्यरुग्ण विभागातील औषधे. याचे कारण व्यवहारातले आहे. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना संरक्षण देतात. दरमहाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या खिशातून. परिणामी गरीब स्त्रीपुढे विनामूल्य शस्त्रक्रिया आणि पैसे पडणारी गोळी असे दोन पर्याय येतात, आणि ती कोणता निवडील हे सांगण्यास वाणिज्याची पदवी लागत नाही.

नागपुरात १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ उभारला, तेव्हा स्त्रीला प्रसूतीसाठी दवाखान्यापर्यंत आणणे हेच मोठे कार्य होते. आज ती स्वतः येते. आल्यावर तिला अर्धा तास निवांत समजावून सांगणारे कोणी हवे असते. हा अर्धा तास कोणत्याही दरपत्रकात नाही, म्हणून तो आम्ही समुपदेशन कक्षाच्या खर्चात दाखवितो.

तपासणीस येताना जुने सर्व सोनोग्राफी अहवाल, अलीकडील रक्ततपासणी, सिकलसेलचा अहवाल असल्यास तो, आणि मागील तीन पाळ्यांच्या तारखा लिहून आणाव्यात. रोज किती पॅड किंवा कापड बदलावे लागले, याची नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. धर्मादाय रुग्णालयांसाठी असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव आहेत. त्यासाठी शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत असावा. दाखला मिळण्यास विलंब होत असेल तर उपचार थांबवू नयेत, आधी समाजसेवा अधिकाऱ्यांची भेट घ्यावी. शक्य असल्यास पतीने किंवा सासूबाईंनीही सोबत यावे. निर्णय घरातच होणार असतो, तेव्हा डॉक्टरांचे म्हणणे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेले बरे.