कंबर धरते, ती रस्त्यामुळे की सीटमुळे?

अमरावतीहून अकोल्याला मोटारीने जाऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात येतो तो एक हात कंबरेवर ठेवूनच. ‘डॉक्टरसाहेब, कंबर लय दुखून राह्यली जी,’ एवढे सांगून झाले की तो रस्त्याला चार शब्द ऐकवतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या मार्गावरचा राष्ट्रीय महामार्ग कित्येक वर्षे उखडलेला होता. पुढे जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना यांदरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता सुधारला. कंबर धरून येणारे मात्र अजून येतातच.

याचे कारण असे की, खड्डे हा या दुखण्यातला एक भाग झाला. आपण सीटवर कसे बसतो आणि न हलता किती वेळ बसतो, हे दुसरे दोन भाग आहेत, आणि ते पूर्णपणे आपल्या हातात आहेत. पूर्वी खड्ड्यांनी जीव मेटाकुटीला आला की मूर्तिजापूरला चहासाठी उतरावेच लागे. त्या निमित्ताने कंबर सरळ होई. आता चांगल्या रस्त्यावर कोणी थांबत नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि २०२५ साली तो संपूर्ण खुला झाला. कारंजाजवळ त्यावर चढलेला माणूस तीन-तीन तास स्टिअरिंग सोडत नाही. रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी कंबरेला हे मानवत नाही.

बसल्यावर मणक्यात काय होते?

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये चिवट, लवचिक गादीसारखी चकती असते. माणूस ताठ उभा असला की कंबरेच्या भागाला आतल्या बाजूस नैसर्गिक बाक असतो. आपण खाली बसलो की कटीचे हाड मागे कलते आणि हा बाक सपाट होतो. सीट मधोमध खचलेली असेल तर तो उलटाच होतो, म्हणजे पाठीला पोक येतो. मग मणक्यांना मागून बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात आणि चकतीच्या मागच्या भागावर ताण येतो. त्यातच मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीने होणाऱ्या दाबाच्या चढउतारातून तिला पोषण मिळते. तासन्‌तास न हलता बसणे तिला बाधते ते म्हणूनच.

जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचालींत पडणारा दाब मोजला. हा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग एकाच माणसावरचा, तरी त्यातले आकडे बोलके आहेत. पाठ टेकून सैल बसल्यावर चकतीतला दाब उभे असतानाच्या दाबापेक्षा कमी होता. पुढे वाकून बसल्याबरोबर तो उभे असतानाच्या दीडपटीच्या वर गेला. कंबरेत वाकून २० किलो वजन उचलताना तो सुमारे साडेचारपट झाला, तर तेच वजन गुडघे वाकवून उचलताना साडेतीनपटीच्या आसपास राहिला. सारांश, बसणे वाईट नाही. टेकू सोडून पुढे झुकून बसणे वाईट. आणि आपल्यापैकी बरेच जण स्टिअरिंगवर ओणवे होऊनच गाडी चालवतात.

यात हादऱ्यांची भर पडते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या वर-खाली कंपनांना सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. झुल्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो जसा उंच जातो, तसेच हे आहे. गाडीच्या सीटमधून येणारी कंपने नेमकी याच्या आसपासची असतात. शॉकअॅब्सॉर्बर निकामी झालेले, टायरमध्ये प्रमाणापेक्षा जास्त हवा भरलेली, सीटचा फोम दबून चपटा झालेला, अशा गाडीत प्रत्येक धक्का थेट मणक्याला बसतो. तेव्हा कंबरेचे एक औषध गॅरेजमध्येही मिळते, हे लक्षात असू द्यावे.

सीट आपल्या मापाची करा

जुन्या अॅम्बॅसिडरला पुढे सलग बाकासारखी सीट होती आणि उंच-ठेंगणे सारे तिच्यावर तसेच बसत. आताच्या गाड्यांतली सीट मागे-पुढे होते, टेकू कलता होतो, काहींत उंचीही बदलते. पण शोरूममधून गाडी आली त्या दिवशी सीट जशी होती तशीच ती अनेकांची वर्षानुवर्षे राहते. पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात. पाच मिनिटे पुरतात.

१) कुल्ले अगदी मागे, टेकूला भिडेपर्यंत सरकवा. कंबर आणि टेकू यांच्यात पोकळी ठेवून बसू नका.

२) क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील इतके अंतर ठेवा. पाय पूर्ण ताठ करावा लागला तर प्रत्येक गिअरला कंबर ओढली जाते.

३) कंबर गुडघ्यांपेक्षा खाली नसावी. सीट खोल गेली असेल तर तिच्यावर सपाट, टणक गादी टाका. मऊ उशी नको, ती दबून पुन्हा खड्डा होतो. गादी पक्की बांधा. ती घसरणार नाही आणि डोके छताला लागणार नाही, हे पाहा.

४) सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटे जागा असावी.

५) टेकू काटकोनाच्या किंचित मागे, म्हणजे १०० ते ११० अंशांवर ठेवा. आरामखुर्चीसारखा मागे टाकला की मान पुढे काढावी लागते आणि दुखणे कंबरेतून मानेत जाते.

६) पट्टा बांधतो त्या रेषेच्या किंचित वर, कंबरेच्या बाकात मनगटाएवढ्या जाडीची गुंडाळी ठेवा. बाजारात यासाठी खास उशा मिळतात. पण आपल्याकडे प्रवासात दुपट्टा किंवा टॉवेल जवळ असतोच, तो गुंडाळला तरी काम भागते. गुंडाळी टोचू लागली तर ती जाड झाली असे समजावे.

७) खांदे टेकूला लावून हात पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. छाती मात्र स्टिअरिंगपासून निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर एक-दोन बोटे, दूर हवी. एअरबॅग असलेल्या गाडीत हे फार महत्त्वाचे आहे.

८) सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न जाता कटीच्या हाडावरून जावा. कंबर दुखते म्हणून बेल्ट सोडू नये.

९) मागच्या खिशातले पाकीट आणि मोबाइल काढून ठेवा. एका बाजूला जाड पाकीट असले की कटी तिरपी होते आणि कुल्ल्यातून जाणारी मोठी नस दबू शकते.

१०) हे सारे झाल्यावर, नीट बसून, मधला आरसा लावा. तासाभराने त्यात मागचा रस्ता दिसेनासा झाला तर आरसा हलवू नका. आपण खचलो आहोत, असे समजून सरळ बसा.

उन्हाळ्याबद्दल एक सांगतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. तापलेल्या रेक्झिनला पाठ टेकवत नाही, म्हणून माणूस नकळत पुढे सरकून बसतो. अशा सीटवर जाड सुती खोळ घालावी. लाकडी मण्यांच्या कव्हरने वारा खेळतो, पण ते कंबरेला आधार देत नाही. गुंडाळी तरीही हवीच.

थांबा, चाला, मगच पोते उचला

दर दीड-दोन तासांनी पाच मिनिटे खाली उतरा. शंभर पावले चाला, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे वाका. अकोल्याच्या फेरीत मूर्तिजापूर जवळजवळ मध्यावर आहे. रस्ता चांगला असला तरी तिथे उतरण्याची जुनी सवय मोडू नका. उतरताना अंग पिळू नका. दोन्ही पाय एकदम बाहेर काढा आणि मग उठा.

सर्वांत जास्त उसणी भरतात त्या गाडी चालवताना नव्हे, तर गाडी थांबल्यावर. दोन तास बसून अस्थिबंध ताणून सैल झालेले असतात, आणि आपण उतरल्याबरोबर डिकीत वाकून तुरीचे पोते किंवा संत्र्याचे कॅरेट उचलतो. तिथेच चमक निघते. आधी पाच मिनिटे फिरा, मग गुडघे वाकवून, वजन अंगाशी धरून उचला. त्याहून बरे म्हणजे दोघांनी उचला.

काळीपिवळी चालवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पुढच्या सीटवर शेजारी दोन-तीन प्रवासी दाटीने बसवले की ड्रायव्हर एका कुल्ल्यावर, दाराला टेकून, तिरपा बसतो. दिवसभराच्या फेऱ्या तशाच होतात. एका जादा प्रवाशाच्या भाड्यापायी महिन्यातून चार दिवस गाडी उभी ठेवावी लागत असेल, तर हा हिशेब त्यांनी एकदा घरी बसून मांडून पाहावा. कुशनचे काम करणाऱ्याकडून ड्रायव्हरची सीट नव्याने भरून घेण्याचा खर्चही याच हिशेबात धरावा.

दुखू लागल्यावर काय करावे?

साधी उसण बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत बरी होते. त्यासाठी अंथरुणाला खिळून राहू नये. एक-दोन दिवस विसावा पुरे. नंतर झेपेल तसे चालत राहावे. शेकाने बरे वाटते. पट्टा लागलाच तर थोडे दिवस वापरावा. महिनोन्‌महिने बांधून तो दुखण्याच्या मुळाशी जात नाही. चाळिशीनंतर एक्स-रेमध्ये मणक्यांची थोडी झीज दुखत नसलेल्या माणसातही दिसते, तेव्हा ‘गॅप आला’ या शब्दाने घाबरून जाऊ नये.

गोळ्यांबाबत सावध राहावे. कंबरेसाठी दिल्या जाणाऱ्या स्नायू सैल करणाऱ्या अनेक गोळ्यांनी झापड येते. ती घेऊन गाडी चालवणे धोक्याचे आहे. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर घेऊन रोज खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या रुग्णांनी तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

दुखणे ओसरल्यावर रोज अर्धा तास चालणे, भुजंगासन आणि सेतुबंधासन यांनी पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट होतात. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या अमरावतीत आहे, तिथल्या लोकांना व्यायामाचे महत्त्व मी काय सांगावे?

हे मात्र सीटचे दुखणे नव्हे

पुढील लक्षणे असतील तर दुपट्टा गुंडाळत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

लघवी अडणे किंवा कळत नसताना होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे. यात नसांवर मोठा दाब असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. उशीर झाल्यास ताबा कायमचा जाण्याची भीती असते.

पायातली शक्ती कमी होणे, चालताना पाऊल लोंबणे, चप्पल पायातून निसटणे. हेही लांबणीवर टाकू नये.

रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी, संध्याकाळचा ताप, वजन घटणे. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आढळतो आणि वेळेवर औषध सुरू केले तर तो बरा होतो.

एका बाजूला बरगडीखालून जांघेकडे लाटेसारखी येणारी कळ आणि लघवीला जळजळ. हा बहुधा मुतखडा असतो. वाटेत थांबावे लागू नये म्हणून उन्हाळ्यात पाणीच न पिणारे ड्रायव्हर त्याला आमंत्रण देतात.

शेवटची सूचना घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. गतिरोधकावर गाडी आदळते तेव्हा मागच्या चाकांवरच्या सीटला जोराचा धक्का बसतो. साठी उलटलेल्या स्त्रीची हाडे ठिसूळ झाली असतील तर तेवढ्या धक्क्यानेही मणका चेपू शकतो. ‘गाडी आदळली तेव्हापासून आईला उठवत नाही’ असे असेल तर मालिश करू नका, एक्स-रे काढून घ्या. आणि आजीबाईंना गाडीत बसवताना मागच्या कोपऱ्यात न बसवता पुढच्या सीटवर बसवा, पाठीशी उशी द्या, बेल्ट लावा, आणि गतिरोधक दिसला की पाय ब्रेकवर आधीच ठेवा.