‘मागणी’ हा शब्द

सिंदेवाहीच्या शाखेत मी रुजू झालो तेव्हा वयाची तिशी गाठायची होती. गोंदिया-चांदाफोर्ट रेल्वेमार्गावरचे गाव, भोवती धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पलीकडे जंगल. सोनेतारणाचे टेबल माझ्याकडे होते. रोवणीच्या दिवसांत बायांच्या गळ्यातल्या पोती आमच्या तिजोरीत येत, धान विकले की परत जात. सराफ कसोटीवर रेघ ओढी आणि मी वजन मांडी.

एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तहसीलबाहेरच्या अर्जनवीसाकडून लिहून घेतलेला कागद माझ्यापुढे ठेवला. व्याज जास्त लागले होते. शेवटी लिहिले होते, ‘जादा घेतलेले व्याज परत मिळावे अशी मागणी करतो.’ मला तो शब्द खटकला. ‘मागणी कसली करता? विनंती लिहून आणा,’ असे सांगून मी कागद परत दिला. अर्जनवीसाला पुन्हा पैसे द्यावे लागले. हिशेबातली चूक आमचीच होती, हे पुढे महिनाभराने निघाले.

बरीच वर्षे गेल्यावर ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणकामगारांचा इतिहास वाचताना मी त्याच शब्दाला अडखळलो.

व्हिक्टोरिया वसाहतीत १८५१ मध्ये सोने सापडले आणि जगभरची माणसे फावडी घेऊन तिकडे धावली. सरकारने खणायचा परवाना काढला. महिन्याला तीस शिलिंग, सोने लागो वा न लागो! बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यातली खोच लगेच कळते. हा कर कमाईवर नव्हता, नशीब आजमावण्यावर होता. खजिना भरावा आणि मजुरांनी आपली कामे टाकून खाणींकडे धावू नये, असा दुहेरी हेतू. परवाना तपासायला हत्यारबंद पोलीस तंबूतंबूंतून फिरत, आणि ज्याच्याजवळ तो नसेल त्याला धरून नेत.

खाणकामगारांनी आधी रीतसर अर्जच केला. १८५३ मध्ये बेंडिगोहून हजारो सह्यांचा अर्ज गेला. कागदाला कागद जोडून त्याची लांबी सुमारे तेरा मीटर झाली होती आणि तो हिरव्या रेशमात बांधला होता. मागणे इतकेच, की फी दहा शिलिंगांवर आणा. गव्हर्नर ला ट्रोब यांनी ते नाकारले. पुढे गडबड वाढल्यावर थोडी सूट मिळाली, पण परवाना राहिला.

ला ट्रोब यांच्या जागी १८५४ मध्ये सर चार्ल्स हॉथम आले. ते नौदलातले, शिस्तीचे. त्यांनी परवाना-तपासणी आठवड्यातून दोनदा करायला सांगितली. ऑक्टोबरात बॅलरॅटला स्कोबी नावाच्या खाणकामगाराचा खून झाला. ज्याच्यावर संशय होता तो हॉटेलवाला सुटला, तेव्हा चिडलेल्या जमावाने त्याचे हॉटेल जाळले आणि तिघांना शिक्षा झाली. नोव्हेंबरात ‘बॅलरॅट रिफॉर्म लीग’ स्थापन झाली. तिच्यात इंग्लंडमधल्या चार्टिस्ट चळवळीत तयार झालेली माणसे होती. लाखो सह्यांचे अर्ज पार्लमेंटने कसे फेटाळले, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून २७ नोव्हेंबरला लीगचे प्रतिनिधी हॉथमसमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी त्या तिघांच्या सुटकेची विनंती केली नाही, मागणी केली. हॉथमना आक्षेप नेमका त्या शब्दाचा होता. प्रतिनिधी रिकाम्या हाताने परतले.

दोनच दिवसांनी खाणकामगारांनी परवाने जाळले. त्यावर सरकारचे उत्तर म्हणजे आणखी एक तपासणी. मग पीटर लेलर यांच्या पुढाकाराने लाकडांचा कच्चा कोट उभा राहिला. ३ डिसेंबरला, रविवारी पहाट फुटण्याच्या सुमारास सैन्य त्यावर चालून गेले. चकमक अर्ध्या तासाच्या आतच आटोपली. निदान बावीस खाणकामगार मेले, काही शिपाईही.

नंतर जे झाले ते अजब आहे. राजद्रोहाच्या खटल्यातले तेराही आरोपी ज्यूरीने सोडून दिले. चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि १८५५ मध्ये मासिक परवाना गेला. त्याऐवजी वर्षाला एक पौंडाचा हक्कपत्र मिळू लागला, त्यासोबत मताधिकारही. तूट भरायला परदेशी जाणाऱ्या सोन्यावर कर बसला, म्हणजे ज्याला सोने लागले त्यानेच तो द्यायचा. लेलर त्याच वर्षी विधिमंडळात गेले. इतका साधा हिशेब तेरा मीटरच्या कागदावरून का उमगला नाही?

अर्थात सगळ्यांनाच न्याय मिळाला असे नाही. त्याच १८५५ मध्ये चिनी प्रवाशांवर डोईपट्टी दहा पौंड बसली. ती चुकवायला चिनी माणसे शेजारच्या वसाहतीत उतरून शेकडो किलोमीटर पायी खाणींवर गेली. त्यांनीही अर्ज केले. आणि ज्यांची ती मूळ भूमी, त्या आदिवासींना तर कुणी काही विचारलेही नाही.

काळही आपल्याकडे ओळखीचाच. बेंडिगोचा अर्ज ऑगस्ट १८५३ चा. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, त्यात आपला चांदाही गेला. बांकाबाईंच्या अर्जविनंत्यांनी ते परत आले नाही. चांदा भागात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझरी होते. लाकडी पाटीत वाळू हलवायची, पाणी सोडायचे, तळाशी काही चमकते का पाहायचे. दिवसभराच्या वाकण्याने हाती यायचे ते पोटापुरते. बेंडिगोच्या माणसांना लिहिता येत होते, त्यांची वर्तमानपत्रे होती. सोनझऱ्याचा अर्ज लिहायचा तर आधी अर्जनवीसाचे पैसे हवेत.

सिंदेवाहीच्या त्या म्हाताऱ्याचे जादा व्याज आम्ही खात्यात जमा केले. व्हाउचरवर अंगठा उठवताना त्यांनी विचारले, ‘साहेब, मंग पयला कागद का चुकला होता?’ मी पासबुकात नोंद करण्यात गुंतल्यासारखे केले.