नळी लवकर निघावी, तर दुखणे आधी आवरावे

बायपास किंवा हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली की नातेवाइकांना रुग्ण पहिल्यांदा दिसतो तो तोंडात नळी आणि शेजारी व्हेंटिलेटर अशा अवस्थेत. ‘नळी कधी काढणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी वेदनाशमनावर अवलंबून असते.

या शस्त्रक्रियेत बहुधा छातीचे मधले हाड उभे कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी जोडतात. मोडलेला हात प्लास्टरमध्ये स्थिर ठेवता येतो. छाती मात्र प्रत्येक श्वासाला हलते. दुखते म्हणून रुग्ण वरवरचा श्वास घेतो, खोकणे टाळतो. मग कफ साठतो, फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

दुसरीकडे, मॉर्फिन आणि फेंटानिलसारखी प्रभावी वेदनाशामके जास्त मात्रेत दिली, तर मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते. १९६९ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी मोठ्या मात्रेतील मॉर्फिनचा हृदयशस्त्रक्रियेतील वापर प्रसिद्ध केला. या पद्धतीत रक्तदाब स्थिर राहत असे, पण रुग्णाला बराच काळ व्हेंटिलेटरवर ठेवावे लागे. १९९०च्या दशकात कमी मात्रेची भूल रूढ होऊ लागली. आता योग्य रुग्णांत साधारण सहा तासांच्या आत नळी काढण्याचा प्रयत्न असतो.

मात्रा कमी करूनही दुखणे आवरते, कारण आता सारा भार एकाच औषधावर नसतो. ठरावीक वेळेला पॅरासिटामॉल, गरजेपुरते मॉर्फिन किंवा फेंटानिल आणि काही ठिकाणी सोनोग्राफीत पाहून छातीच्या किंवा पाठीच्या नसांजवळ बधिरतेचे इंजेक्शन, असा मेळ घातला जातो. पाठीच्या स्नायूंखाली औषध सोडण्याची अशी एक पद्धत २०१६ मध्ये प्रथम वर्णन केली गेली. मणक्यातील एपिड्युरलही परिणामकारक आहे. पण शस्त्रक्रियेत रक्त पातळ करणारे हेपारिन द्यावे लागते, त्यामुळे मणक्यात रक्तस्राव होण्याची भीती असते.

नळी काढण्याआधी रुग्ण जागा आहे का, सांगितलेले ऐकतो का, अंग गरम झाले आहे का, रक्तस्राव थांबला आहे का, रक्तदाब आणि ऑक्सिजन स्थिर आहेत का आणि खोकण्याची ताकद आहे का, हे पाहिले जाते. यातले काही कमी असेल तर थांबणेच शहाणपणाचे. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची नळी आधी निघाली म्हणून आपला रुग्ण मागे पडला, असे नाही.

नळी निघाल्यावर खरी कसोटी रुग्णाची असते. आपल्याकडे दुखणे मुकाट्याने सोसण्याचे कौतुक होते. इथे ते महागात पडते. नर्सने ‘शून्य ते दहामध्ये किती दुखते?’ असे विचारले, तर पडल्यापडल्याचे दुखणे सांगून थांबू नये. खोल श्वास घेताना आणि खोकताना किती दुखते, तेही सांगावे. खोकताना छातीशी उशी घट्ट धरावी. चेंडूंच्या स्पायरोमीटरचा सराव शस्त्रक्रियेआधीच सुरू केलेला बरा, आणि तंबाखू-विडी जितकी लवकर सुटेल तितके चांगले.

घरी गेल्यावर दुखले म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेऊ नये. बायपासनंतर या गोळ्या मूत्रपिंडाला आणि हृदयाला घातक ठरू शकतात. जखमेतून पू येणे, ताप, वाढती धाप किंवा छातीच्या हाडात ‘कटकट’ जाणवणे यांपैकी काहीही झाले, तर लगेच रुग्णालय गाठावे.

हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. सुरुवातीच्या दिवसांत रुग्णाला मोकळा श्वास घेता यावा, खोकता यावे आणि चालता यावे, एवढे दुखणे आवरलेच पाहिजे. त्यासाठी औषध मागणे हा दुबळेपणा नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.