कुरकुर, तक्रार आणि तंटा



विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांवर मी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. महाविद्यालयाची पायरी मी विद्यार्थी म्हणून चढलो नाही. परंतु गाऱ्हाणे कसे मांडावे आणि कसे तडीस न्यावे, हे मात्र कामगार संघटनेत मला रोज शिकावे लागले. त्यातले जे विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल, तेवढेच सांगतो.

कुरकुर आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुरकुर चहाच्या टपरीवर होते आणि कप रिकामा झाला की संपते. तक्रार कागदावर उतरते, तिला तारीख आणि सही असते, आणि तिला उत्तर देणे दुसऱ्या पक्षाला भाग पडते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात नुसती हळहळ नव्हती. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगाराची ठरलेली मुदत, अशा मोजता येण्याजोग्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली.

सहा वर्षे वाट पाहणे कामगाराला एक वेळ जमेल. विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडतो. अडकलेली शिष्यवृत्ती किंवा रखडलेला निकाल त्याचे एक वर्ष खाऊन टाकतो. म्हणून त्याला मुदतीत निकाल देणारी यंत्रणा हवी, आणि ती आज कागदोपत्री तरी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. माहितीपुस्तकाबाहेर पैसे मागणे, मूळ प्रमाणपत्रे अडवणे, आरक्षणाचे नियम मोडणे, परीक्षा व निकालाला विलंब, शिष्यवृत्ती न देणे, या सर्व बाबी तिच्या कक्षेत येतात. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, असे बंधन आहे. विद्यार्थ्याला स्वतः हजर राहता येते किंवा प्रतिनिधी पाठवता येतो.

या समितीत मुख्यतः अध्यापकच असतात. विद्यार्थी प्रतिनिधी एकच, तोही विशेष निमंत्रित म्हणून. ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्यांचेच सहकारी निवाडा करणार, ही शंका रास्त आहे. म्हणूनच अपिलाची पायरी महत्त्वाची. निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यावा, असा नियम आहे. हे १५ दिवस गप्पांत घालवू नका. खोटी तक्रार केल्यास कारवाईची शिफारस होऊ शकते, हेही ध्यानात ठेवा.

केवळ गुण कमी पडले म्हणून लोकपाल पेपर पुन्हा तपासायला लावत नाहीत. निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. तो दाखवायचा तर उत्तरपत्रिका पाहिली पाहिजे. परीक्षार्थीला माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येते व तिची प्रत मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. लैंगिक छळाची तक्रार मात्र या समितीकडे नव्हे, तर २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे, साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावयाची असते.

आता अर्ज कसा लिहावा? ‘कॉलेज विद्यार्थ्यांना लुबाडते’ हे वाक्य खरे असले तरी त्यावर कोणालाही निर्णय देता येत नाही. ‘माहितीपुस्तकात नसलेले ३,००० रुपये अमुक तारखेला घेतले, पावती सोबत जोडली आहे, रक्कम परत मिळावी’ असे लिहिले की निर्णय द्यावाच लागतो. काय घडले, केव्हा घडले, कोणता नियम मोडला आणि मला काय हवे, एवढे एका पानात लिहा. अर्ज आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. तोंडी आश्वासन मिळाले तर त्याच दिवशी पत्राने त्याची नोंद करा. पोच नसलेला अर्ज साहेबांच्या टेबलावर कधी आलेलाच नसतो!

खरी अडचण कायद्याची नाही, भीतीची आहे. अंतर्गत गुण सरांच्या हाती असतात, आणि एकट्याने पुढे जाणारा डोळ्यांत भरतो. कारखान्यातही हेच असते. त्यावर उपाय एकच: अन्याय दहा जणांवर झाला असेल तर दहाही जणांनी सही करावी. भाषा नम्र ठेवावी. आरोप कृत्यावर करावा, माणसाच्या जातीवर वा स्वभावावर करू नये.

मोर्चाचा मला तिटकारा नाही. पण संपाची हाक देण्यापूर्वी आम्ही पत्रव्यवहाराची फाइल पुरी करतो. सर्व दारे ठोठावल्याचा पुरावा हाती असला की तंट्यात लोकमत आपल्या बाजूला येते. तुमची फाइल अशीच जपा, आणि पदवी घेऊन जाताना ती पुढच्या वर्गाच्या हाती द्या. तुमच्या तक्रारीवर मिळालेला निर्णय तुमच्यामागून येणाऱ्यांच्या कामी येईल.