‘एदलाबाद’ शोधताना : आंतरजालावरील नेमका शोध

काही वर्षांपूर्वी पदवी वर्गातील एका विद्यार्थिनीने ‘आपला जिल्हा’ या विषयावर प्रकल्प लिहून आणला. आदिलाबादचे जुने नाव एदलाबाद, हे तिने बरोबर नोंदवले होते. पुढच्याच परिच्छेदात मात्र आदिलाबाद हे संत मुक्ताबाईंच्या समाधीचे ठिकाण ठरले होते! तिने कष्ट घेतले होते, पण जळगाव जिल्ह्यातील आजच्या मुक्ताईनगरचे जुने नावही एदलाबादच. शोधपेटीत एकच शब्द टाकल्यामुळे दोन गावांची माहिती एकमेकींत मिसळली.

अशा वेळी उणे चिन्ह उपयोगी पडते. ‘एदलाबाद’ लिहून एक जागा सोडावी आणि मग ‘-मुक्ताईनगर -जळगाव’ असे लिहावे. उणे चिन्ह आणि शब्द यांत जागा ठेवू नये. ज्या पानांवर हे शब्द असतील ती वगळली जातात. दोन्ही गावांचा उल्लेख करणारे एखादे चांगले पानही त्यात वगळले जाते, म्हणून हा शोध एकदा उणे चिन्हासह आणि एकदा त्याविना करावा.

दुसरे साधन अवतरणचिन्हांचे. दुहेरी अवतरणात लिहिलेले शब्द त्याच क्रमाने असलेली पाने शोधयंत्र काढून देते. येथे मराठीच्या अभ्यासकाने व्याकरण विसरू नये. ‘राजुरा’ हा शब्द वाक्यात ‘राजुऱ्यात’, ‘राजुऱ्याचा’ असा येतो. अवतरणात केवळ मूळ रूप दिले, तर सामान्यरूपातील उल्लेख निसटू शकतात. म्हणून दोन-तीन रूपे देऊन त्यांच्यामध्ये रोमन मोठ्या लिपीतील ‘ऑर’ हा शब्द टाकावा. शुद्धलेखनाचेही तसेच. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या छापील मजकुरात ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ अशी सानुस्वार रूपे सर्रास आढळतात. जुना मजकूर शोधायचा तर जुन्या लेखनानेच शोधावा.

विशिष्ट संकेतस्थळापुरता शोध घ्यायचा असल्यास ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून लगेच अपूर्णविराम आणि त्याला जोडून संकेतस्थळाचा पत्ता द्यावा. पत्त्याऐवजी ‘जीओव्ही डॉट इन’ एवढेच रोमन लिपीत दिले, तर त्या पत्त्याखालील सरकारी पाने समोर येतात. त्याच पद्धतीने ‘फाइलटाइप’ व ‘पीडीएफ’ लिहिले की अहवाल आणि पुस्तके हाती लागतात. देवनागरी कळफलक चालू असेल तर अनेकदा अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग उमटतो. दोन्ही चिन्हे दिसायला सारखी, पण यंत्राला निराळी; मग आज्ञा चालत नाही आणि दोष कुठे आहे हे कळत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १९०५ मध्ये आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधीच्या नोंदी ‘सिरपूर-तांडूर’ या नावाखाली पाहाव्या लागतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तत्कालीन मुंबई राज्यात गेले, म्हणून या तालुक्यांचा त्यापूर्वीचा इतिहास आदिलाबादच्या कागदांत, तर नंतरचा महाराष्ट्राच्या कागदांत आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. परिणामी २०११ च्या जनगणनेतील ‘आदिलाबाद जिल्हा’ आणि आजचा आदिलाबाद जिल्हा एक नव्हेत. आकडा उचलण्याआधी त्याचे वर्ष पाहणे अटळ आहे.

व्यक्तिनामांतही हीच सावधगिरी हवी. जोडेघाटच्या लढ्याचा नायक कुठे कुमराम, कुठे कोमरम, कुठे कोमाराम भीम म्हणून येतो. येथील गोंडांचा अभ्यास करणारे हायमेनडॉर्फ यांचा १९४८ चा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ इंग्रजीत आहे. केवळ देवनागरीत शोधल्यास तो सहसा सापडणार नाही. इंटरनेट आर्काइव्हवरील अनेक जुन्या मराठी पुस्तकांची नावेही रोमन लिपीत, तीही मनमानी वर्णलेखनाने, नोंदलेली आहेत. शिवाय युनिकोडपूर्व फाँटमध्ये तयार झालेल्या पीडीएफमधील मराठी आपल्याला वाचता येते, पण यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे असतात. शोधात काही आले नाही, याचा अर्थ ते अस्तित्वात नाही असा होत नाही.

सीमाभागातील आपल्या मराठीची नोंद तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि मराठी अशा चार भाषांच्या कागदांत विखुरलेली आहे. ती कोणत्या नावाने, कोणत्या लेखनाने आणि कोणत्या लिपीत असेल, हे यंत्राला सुचवण्याचे काम आपलेच. त्या विद्यार्थिनीने प्रकल्प पुन्हा लिहिला, तेव्हा मुक्ताबाई मुक्ताईनगरला परतल्या आणि रिकाम्या झालेल्या जागी सिरपूर-तांडूर आले. चुकीची माहिती काढल्यावर तिथे आपल्या गावाचे काहीतरी खरे लिहिता आले, हा या खटाटोपाचा खरा लाभ.